पुरे कोणी म्हणायचं?

(सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ दरवर्षी होणाऱ्या व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



विषय कळवला तेव्हा व्याख्यानमालेच्या चिटणिसांचा लगेच फोन आला. "बेसबॉल? अहो, आपल्याकडे कोण खेळतं ते? क्रिकेटवर बोला की." त्यांचं चुकलं नाही. आपल्या शाळांमधून सॉफ्टबॉल खेळला जातो, बेसबॉल त्याचा थोरला भाऊ, एवढीच आपली त्याच्याशी ओळख. पण ज्यांच्या नावाने आपण इथे जमलो आहोत त्या सरांची आठवण काढली की मला पहिल्यांदा त्यांचा खिसा आठवतो, आणि खिसा आठवला की बेसबॉल आठवतो. कसं, ते सांगतो.

सरांच्या खाकी पँटच्या उजव्या खिशात चिंचोके असायचे. नेटमध्ये आम्हा वेगवान गोलंदाजांपैकी कोणाचं षटक संपलं की एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्या खिशात जायचा. दहा चिंचोके संपले की सर म्हणायचे, "पुरे." मग तुम्ही कितीही लयीत असा, फलंदाजाची दांडी नुकतीच उडवलेली असो. पुरे म्हणजे पुरे. ही गोष्ट १९६५ च्या आसपासची. अमेरिकेतल्या श्रीमंत संघांना पिचरचे चेंडू मोजून त्याला थांबवायची शिस्त लागायला त्यानंतर पंचवीस-तीस वर्षं जावी लागली.

ज्यांनी बेसबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पिचर म्हणजे तिथला गोलंदाज. पण तो धावत येत नाही. मातीच्या दहा इंची उंचवट्यावर उभा राहतो आणि साडेसाठ फुटांवर चेंडू फेकतो. फेकतोच. कोपर वाकवून, आपल्याकडे पंच ज्यावर हात आडवा करतील तसा. धावत येण्याचा जोर नसल्यामुळे सगळा वेग पाय, कंबर, खांदा आणि कोपर या साखळीतून काढावा लागतो. सामना नऊ डावांचा, प्रत्येक डावात तीन गडी बाद करायचे. जो पिचर सामना सुरू करतो तो स्टार्टर. मोठ्या साखळीत, म्हणजे मेजर लीगमध्ये, प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो, तेव्हा पाच स्टार्टर आळीपाळीने वापरतात. दर पाचव्या दिवशी एकाची पाळी. त्याला कधी उतरवायचं हे मॅनेजर ठरवतो. मॅनेजर म्हणजे खेळाडूंसारखाच गणवेश घालून बाकावर बसणारा, आपल्या कर्णधाराचे बहुतेक अधिकार हाती असलेला गृहस्थ. आणि इथे एक नियम फार महत्त्वाचा आहे: पिचरला सामन्यातून काढलं की तो त्या दिवसापुरता संपला. आपला कर्णधार बुमराहला चार षटकं टाकायला लावून सीमारेषेवर उभा करतो आणि तासाभराने पुन्हा बोलावतो. तिथे ती सोय नाही. म्हणून 'अजून एक गडी, मग काढू' हा मोह तिथे आपल्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

१४ ऑक्टोबर २००३ च्या रात्री मी शिकागोला लेकीकडे होतो. जावई कब्स या संघाचा कट्टर भक्त. १९४५ नंतर हा संघ वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेत पोचलेला नव्हता, आणि त्या रात्री आठव्या डावात तो ३-० असा पुढे होता. आणखी पाच गडी बाद केले की झालं. उंचवट्यावर मार्क प्रायर नावाचा तेवीस वर्षांचा मुलगा. मला बेसबॉलचं ओ की ठो कळत नव्हतं, पण आयुष्यभर वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानावर काम केलेल्या माणसाला दमलेला गोलंदाज कळतो. त्याचा खांदा खाली येत होता. मी विचारलं, "याने किती चेंडू टाकले आतापर्यंत?" जावई टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाला, "बाबा, आज ते कोण मोजतंय!"

पुढे काय झालं ते त्या शहराला अजून पाठ आहे. सीमेजवळच्या एका प्रेक्षकाचा हात एका उंच चेंडूला लागला, क्षेत्ररक्षकाचा झेल हुकला, मग शॉर्टस्टॉप या क्षेत्ररक्षकाने सोपा चेंडू सोडला, आणि बघता बघता फ्लोरिडाच्या संघाने आठ धावा केल्या. कब्स हरले. त्या बिचाऱ्या प्रेक्षकाला शहराने वर्षानुवर्षं जगू दिलं नाही. प्रायरने त्या रात्री ११९ चेंडू टाकले होते. त्याआधीच्या सामन्यात, आघाडी ११-० असताना, त्याला सातव्या डावापर्यंत उंचवट्यावर ठेवून ११६ टाकायला लावले होते. आणि त्याआधीच्या सप्टेंबरमध्ये सहापैकी पाच सामन्यांत त्याने १२० ची रेघ ओलांडली होती. तीन वर्षांत, वयाच्या पंचविशीत, तो मोठ्या साखळीतला शेवटचा सामना खेळला. त्याचा जोडीदार केरी वुड. १९९८ मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी त्याने एका सामन्यात वीस फलंदाजांना स्ट्राइकआउट केलं होतं, म्हणजे चेंडू मैदानात मारू न देता बाद, १२२ चेंडूंत. पुढच्या वसंतात त्याच्या कोपराचा अस्थिबंध फाटलेला निघाला. २००३ मध्ये कब्सचे मॅनेजर होते डस्टी बेकर. 'हात खाणारा मॅनेजर' हा शिक्का त्यांच्यावर बसला तो कायमचा.

आरोप असा आहे: मॅनेजरला आजचा सामना जिंकायचा असतो, नोकरी त्याची आज असते, आणि पिचरचा हात उद्याचा असतो. म्हणून तो उद्याचा हात आज खर्च करतो. आरोप खरा का, हे पाहायचं तर आधी हात म्हणजे काय ते पाहू.

चेंडू सुटण्याच्या क्षणी पिचरचा खांदा सेकंदाला सुमारे सात हजार अंश या गतीने फिरतो. मानवी शरीराच्या सर्वांत जलद हालचालींत ती मोजली जाते. त्याच्या आधीच्या निमिषात कोपराच्या आतल्या बाजूवर सुमारे ६४ न्यूटन-मीटरचा पीळ येतो. तिथे एक चपटा पट्टा आहे, अस्थिबंध, दंडाचं हाड आणि हाताचं हाड बांधून ठेवणारा. मृतदेहांवरच्या चाचण्यांत हा पट्टा जवळपास निम्म्या पिळाला, बत्तीसच्या आसपास, तुटतो. मग प्रत्येक चेंडूला तो तुटत का नाही? कारण उरलेला भार भोवतालचे स्नायू उचलतात. शेजारी चौघांनी खांदा दिला म्हणून पाचव्याचा निभाव लागतो, तसं. स्नायू दमले की ते एकेक करून खांदा काढून घेतात आणि सगळं ओझं त्या पट्ट्यावर येतं. पट्टा दमल्याचं सांगत नाही. तो आधी झिजतो आणि मग एके दिवशी जातो. तेव्हा दमलेल्या हाताने चेंडू टाकायला लावणं धोक्याचं, हे शरीरशास्त्र स्पष्ट सांगतं. त्यात वाद नाही. वाद आहे तो दमणं मोजायचं कसं याचा, आणि मोजणाऱ्याचा.

सँडी कोफॅक्सचं उदाहरण घेतल्याशिवाय हा विषय पुढे जात नाही. लॉस एंजेलिस डॉजर्सचा हा डावखुरा पिचर १९६५ मध्ये ३३५ हून अधिक डाव खेळला आणि २७ सामने त्याने एकट्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत टाकले. त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजचा सातवा, निर्णायक सामना त्याने फक्त दोन दिवसांच्या विश्रांतीवर टाकला आणि एकही धाव दिली नाही. कोपराला संधिवात झाला होता. कॉर्टिसोनची इंजेक्शनं, घोड्यांना द्यायचं तसलं सूज उतरवणारं औषध, आणि सामन्याआधी दंडावर मिरचीच्या अर्काचं मलम. आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदमळण होते, लोणी आणि हळद चोळून. वर्षभर जू ओढलेल्या खांद्याची क्षमा मागायची ती रीत. कोफॅक्सच्या खांद्याला मात्र मिरची. पुढच्या वर्षीही तो ३२३ डाव खेळला, २७ सामने जिंकला, आणि नोव्हेंबर १९६६ मध्ये, तिसाव्या वर्षी, उरलेलं आयुष्य दोन्ही हात वापरून जगायचं आहे असं सांगून निवृत्त झाला. संघाने त्याला थांबवलं नाही. डॉक्टरांनी धोक्याची सूचना दिली होती, पण 'पुरे' शेवटी त्याने स्वतःच म्हटलं. आमच्या सरांचे चिंचोके तेव्हा एका खिशातून दुसऱ्या खिशात जात होते, तो हाच काळ.

मग मार्क फिड्रिच. १९७६, डेट्रॉइट. एकवीस वर्षांचा, कुरळ्या केसांचा पोरगा चेंडूशी बोलायचा, गुडघ्यावर बसून उंचवट्याची माती हाताने सारखी करायचा. अख्खा देश त्याच्या प्रेमात पडला. त्याच्या पाळीच्या दिवशी मैदानं भरायची. मॅनेजर राल्फ हूकने त्याला २९ सामन्यांत सुरुवात करू दिली, त्यातले २४ त्याने पूर्ण टाकले. पुढच्या वर्षी हात गेला. पुढे आठ वर्षांनी तपासणीत खांद्याचे स्नायू फाटलेले सापडले. कारकिर्दीत एकूण २९ विजय, त्यातले १९ त्या एका वर्षातले. आता हूक दोषी? थांबा. १९७७ च्या सरावात फिड्रिचच्या गुडघ्याला आधी दुखापत झाली होती. तो परत आला तेव्हा लंगड्या पायाने टाकताना फेक बिघडली आणि खांदा गेला, असंही म्हणता येतं. प्रायरचंही तेच. बेकर यांच्या बाजूने बोलणारे सांगतात की तो एका खेळाडूवर आदळला होता, नंतर एक सणसणीत चेंडू त्याच्या कोपरावर बसला. एकट्या माणसाच्या हातावरून मॅनेजरचा गुन्हा सिद्ध करायला गेलं की दर वेळी असंच होतं. कुठेतरी एक गुडघा निघतो.

गुडघा न निघणारं एक प्रकरण मात्र आहे, निदान मला तरी ते तसं वाटतं. बिली मार्टिन. १९८० मध्ये त्याच्याकडे ओकलंडचा संघ आला. आदल्या वर्षी १०८ सामने हरलेला संघ. मार्टिन तिरसट, भांडखोर आणि विलक्षण हुशार. बदली पिचरांवर त्याचा विश्वास नव्हता, म्हणून त्याने पाच तरुण स्टार्टर घेतले आणि त्यांनाच राबवलं. त्या हंगामात ओकलंडच्या पिचरांनी ९४ सामने पूर्ण टाकले. रिक लँगफर्ड २८, त्यातले २२ सलग. माइक नॉरिस २४. मॅट कियो २०. संघाने ८३ सामने जिंकले, पुढच्या वर्षी आपल्या गटात पहिला आला, मासिकांच्या मुखपृष्ठांवर झळकला. १९८२ मध्ये ९४ सामने हरला आणि मार्टिनची नोकरी गेली. १९८१ नंतर त्या पाचांपैकी एकालाही पुन्हा तसं वर्ष दिसलं नाही. तुलनेसाठी एवढंच सांगतो की २०२२ पासूनच्या तीन हंगामांत सगळ्या तीस संघांचे मिळून पूर्ण टाकलेले सामने एकाही वर्षी चाळीसपर्यंत पोचलेले नाहीत.

इथे आपल्या माणसाची आठवण काढतो. रमाकांत देसाई. मुंबईचा, पाच फूट चार इंचांचा, म्हणून 'टायनी'. फेब्रुवारी १९५९, दिल्ली, वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी, वय एकोणीस. त्या डावात त्याने ४९ षटकं टाकली, १६९ धावांत चार बळी. त्या मालिकेत भारताचे चार कर्णधार झाले, पण वेगवान गोलंदाजाच्या जागी आलटून पालटून उभं करायला दुसरा कोणी नव्हता. अठ्ठावीस कसोटींत हा छोटा माणूस चौऱ्याहत्तर बळींवर थांबला. आम्ही शाळेतली पोरं त्याची नक्कल करायचो, आणि सर चिंचोके मोजायचे. मला आज वाटतं की दिल्लीची ती ४९ षटकं सरांच्या खिशात होती.

आता मोजण्याकडे येतो. अमेरिकेत १९९८ मध्ये बेसबॉल प्रॉस्पेक्टस या अभ्यासकांच्या गटातल्या रॅनी जझायर्ली या डॉक्टरने 'पिचर अब्यूज पॉइंट्स' नावाची मोजदाद काढली. नावातच फिर्याद आहे. पुढे कीथ वुलनरने ती सुधारली: शंभरच्या वर जितके चेंडू जातील त्या आकड्याचा घन करायचा. ११० टाकले तर एक हजार गुण, १२० ला आठ हजार, १३० ला सत्तावीस हजार. यातली खरी गंमत त्या घनात आहे. शंभरावा आणि एकशेतिसावा चेंडू सारखे नाहीत, हे त्यांनी गणितात बसवलं. ते जाणून घ्यायला सरांना घन लागला नाही, पण ते असो. आणि शंभर हाच आकडा का? मोठंसं कारण नाही. हाताला दहाच बोटं आहेत.

पण मोजणी रुजली ती काही अभ्यासकांच्या कळकळीने नव्हे. १९७५ च्या अखेरीस लवादाच्या निकालाने खेळाडूला संघाच्या वेठीतून मोकळं केलं, त्याआधी पिचर जन्मभर एकाच मालकाचा. शेवटच्या वर्षी कोफॅक्सला १,२५,००० डॉलर मिळाले, आणि तेसुद्धा त्याने आणि डॉन ड्रायस्डेलने मिळून अडून बसल्यावर. हात मोडला तर मालकाचं जायचं काय? नवा पोरगा आणायचा. पुढे करार अनेक वर्षांचे आणि कोटी कोटी डॉलरचे झाले, हात मोडला तरी पैसे द्यायचेच, तेव्हा मालकांच्या मनात एकाएकी दया उपजली. भाड्याचा बैल आणि विकत घेतलेला बैल यांच्या खांद्यांकडे शेतकरी वेगळ्या नजरेने पाहतो.

तर चेंडू मोजले जाऊ लागले. १३० टाकणारे दिसेनासे झाले, ११० वर भुवया उंचावू लागल्या. मग दुखापती कमी व्हायला हव्या होत्या. मोठ्या साखळीने डिसेंबर २०२४ मध्ये स्वतःच एक मोठा अहवाल काढला, दोनशेहून अधिक लोकांशी बोलून. २००५ मध्ये पिचर जायबंदींच्या यादीत जाण्याचे प्रसंग होते २१२. २०२४ मध्ये ४८५. मॅनेजर सुधारले आणि हात दुपटीने मोडू लागले!

या अहवालातली दुसरी जोडी पाहा. सरळ वेगवान चेंडूचा सरासरी वेग २००८ मध्ये ताशी ९१.३ मैल होता, म्हणजे १४७ किलोमीटर. २०२४ मध्ये ९४.२ मैल, साधारण १५२ किलोमीटर. जुन्या काळचे पिचर इतके टाकत, कारण प्रत्येक चेंडू जीव तोडून टाकत नसत. क्रिस्टी मॅथ्यूसन या थोर पिचरने १९१२ मध्ये पुस्तकच लिहिलं, 'पिचिंग इन अ पिंच', आणि त्यात राखून खेळायचं आणि अडचणीच्या वेळी सगळं बाहेर काढायचं हे शास्त्र सांगितलं. आज राखायचं कोणासाठी? पाच डाव टाकून उतरायचंच आहे, मागे आठ जण ताजे बसलेले आहेत. मग प्रत्येक चेंडू शेवटचा असल्यासारखा टाका. फिरक किती, वेग किती, हे मोजणारी यंत्रं भिंतीवर लावलेली आहेत, आणि करार त्यांच्या आकड्यावर होतो. पूर्वी पिचरला लांब पळवून दमवत होते, आता शंभर मीटरच्या शर्यती एकामागून एक लावतात. चेंडूंचा आकडा निम्मा झाला म्हणून काम निम्मं झालं, असं समजणारा माणूस कधी पाटा-वरवंट्यावर बसलेला नसावा.

आणि या सगळ्यात मॅनेजर कुठे आहे? २०२० च्या वर्ल्ड सिरीजमधला सहावा सामना आठवा. टँपा बेचा ब्लेक स्नेल डॉजर्सना नाचवत होता, नऊ स्ट्राइकआउट, संघ १-० पुढे. ७३ चेंडू झाले आणि मॅनेजर केव्हिन कॅश त्याला घेऊन गेला. डॉजर्सच्या फलंदाजांनी बाकावर सुटकेचा श्वास सोडलेला दिसत होता. डॉजर्स ३-१ जिंकले. कॅशला शिव्या किती पडल्या म्हणता! बिली मार्टिनला पडल्या नसतील. कॅश हे त्याच्या मनाने करत नव्हता. संघाच्या कचेरीतल्या आकडेतज्ज्ञांनी हंगामभर आखलेली ती रीत होती. आजचा मॅनेजर बऱ्याच अंशी दुसऱ्यांनी ठरवलेलं उंचवट्यावर जाऊन सांगणारा माणूस आहे. मार्टिनकडे सत्ता होती आणि दोषही त्याचाच होता. आता सत्ता वर गेली, दोष मात्र बाकावरच बसून राहिला.

'पुरे' म्हणूनही हात वाचत नाही, हे वॉशिंग्टनच्या संघाने पाहिलं. स्टीफन स्ट्रासबर्गच्या कोपरावर २०१० मध्ये शस्त्रक्रिया झाली, जिला टॉमी जॉनचं नाव आहे ती. (१९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी जॉनच्या उजव्या मनगटाकडची कंडरा काढून डाव्या कोपरात पट्ट्यासारखी ओवली. यशाची शक्यता शंभरात एक म्हणाले होते. जॉन त्यानंतर आणखी १६४ सामने जिंकला.) २०१२ मध्ये संघ ऐन भरात असताना संघाचे महाव्यवस्थापक माइक रिझो यांनी स्ट्रासबर्गला १५९ डावांवर थांबवलं. बाद फेरीत तो नव्हता, संघ हरला. देशभर हसं झालं. २०१९ मध्ये तोच स्ट्रासबर्ग वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तेव्हा रिझो बरोबर? लगेच त्याच्याशी २४५ दशलक्ष डॉलरचा सात वर्षांचा करार झाला, आणि त्या करारात तो जेमतेम आठ सामने खेळू शकला. तेव्हा रिझो चूक? मला दोन्ही उत्तरं खोटी वाटतात.

माझ्या मते सगळ्यांत मोठा अपराध मोठ्या साखळीत घडतच नाही. पिचर तिथे पोचतो तेव्हा हात अर्धा वापरून झालेला असतो. अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या क्रीडावैद्यक संस्थेत ग्लेन फ्लायसिग आणि शल्यविशारद जेम्स अँड्र्यूज यांच्या मंडळींनी किशोरवयीन पिचरांचा अभ्यास केला. दमलेल्या हाताने नेहमी टाकत राहणाऱ्या मुलांवर शस्त्रक्रियेची वेळ येण्याची शक्यता इतरांच्या छत्तीस पट. वर्षात आठ महिन्यांहून जास्त टाकणाऱ्यांची पाच पट. दहा वर्षं मुलांचा पाठपुरावा केलेल्या दुसऱ्या अभ्यासात वर्षाला शंभरहून अधिक डाव टाकणाऱ्यांना गंभीर दुखापतीचा धोका साडेतीन पट. अमेरिकेत २००७ ते २०११ या काळातल्या टॉमी जॉन शस्त्रक्रियांपैकी निम्म्याहून अधिक पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलांच्या होत्या. तिथे मॅनेजर नाही, कोट्यवधींचा करार नाही. तिथे बाप आहे, शिष्यवृत्तीचं स्वप्न आहे, आणि एकाच मुलाला तीन संघांतून खेळवणारे तीन प्रशिक्षक आहेत. लहान मुलांच्या लिटल लीगने २००७ मध्ये चेंडूंची मर्यादा घातली, चांगलं केलं. पण शनिवारी या संघात मर्यादा पाळून मुलगा रविवारी दुसऱ्या संघाकडून उभा राहतो.

एक कबुली द्यायची आहे. सर हयात असताना धीर झाला नाही. नववीत असताना मी सकाळी पेठेतल्या संघाकडून टेनिस बॉलचे सामने खेळायचो, चार आण्यांच्या पैजेचे. मग शाळा, मग सरांच्या नेटमध्ये दहा षटकं. सरांची मोजणी अचूक होती, सकाळची षटकं तिच्यात नव्हती. दिवाळीनंतर खांदा दुखायला लागला. सरांनी दोनदा विचारलं, "दुखतं का रे?" मी म्हणालो, "नाही, सर." आंतरशालेय सामन्यांत माझी जागा दुसऱ्या कोणाला मिळाली असती ना! मार्चमध्ये हात खांद्याच्या वर जाईना. सर स्वतःला दोष देत राहिले, चिंचोके दहाऐवजी आठ केले. माझ्यामुळे पुढच्या दोन वर्षांच्या पोरांना दोन षटकं कमी मिळाली.

शाळकरी मुलांच्या हातांचं हे सगळं जपानमध्ये अधिक लख्ख दिसतं. तिथे शाळकरी मुलांची कोशिएन ही स्पर्धा म्हणजे राष्ट्रीय उत्सव. १९९८ मध्ये दाइसुके मात्सुझाकाने उपांत्यपूर्व सामन्यात सतरा डावांत २५० चेंडू टाकले, दुसऱ्या दिवशी शेवटच्या डावात पुन्हा उभा राहिला आणि अंतिम सामन्यात प्रतिस्पर्ध्याला एकही हिट दिली नाही. अजूनही तिथली माणसं ते सांगताना गहिवरतात. २०१३ मध्ये तोमोहिरो अनराकु या सोळा वर्षांच्या मुलाने वसंत स्पर्धेत पाच सामन्यांत ७७२ चेंडू टाकले, तेव्हा कुठे वाद पेटला. आठवड्याला पाचशे चेंडूंची मर्यादा आली ती २०२० मध्ये. सात दिवसांत पाचशे आणि मर्यादा!

त्याच्या आदल्या वर्षी, २०१९ मध्ये, इवाते प्रांताच्या अंतिम सामन्यात ओफुनातो या शाळेच्या प्रशिक्षकाने आपल्या रोकी सासाकी या मुलाला खेळवलंच नाही. ताशी १६० किलोमीटरच्या पुढे टाकणारा मुलगा बाकावर बसून राहिला. शाळा १२-२ अशी हरली आणि कोशिएन हुकलं. शाळेत संतापाच्या फोनचा पाऊस पडला. तीन वर्षांनी सासाकीने व्यावसायिक साखळीत 'परफेक्ट गेम' टाकला, सत्तावीस आले सत्तावीस गेले, त्यातले १९ स्ट्राइकआउट. पुढच्याच सामन्यात आठ डाव पुन्हा तसेच, एकही फलंदाज तळावर नाही, १०२ चेंडू. मॅनेजरने त्याला काढलं. दोन लागोपाठ परफेक्ट गेम जगात कोणी टाकलेले नाहीत. संघ दहाव्या डावात १-० हरला. मला विचाराल तर त्या मॅनेजरचा पुतळा व्हायला हवा. सासाकी पुढे डॉजर्सकडे गेला, आणि २०२५ मध्ये पहिल्याच हंगामात त्याचा खांदा दुखला. डॉजर्सचे पिचिंग प्रशिक्षक कोण? मार्क प्रायर. तोच, शिकागोचा.

शेवटची गोष्ट सांगतो आणि थांबतो. २०२५ ची वर्ल्ड सिरीज, टोरोंटो. डॉजर्सचा योशिनोबु यामामोटो सहाव्या सामन्यात ९६ चेंडू टाकून जिंकला. दुसऱ्याच दिवशी सातवा सामना. आपल्याकडे रविवारची सकाळ, दोन चहा झालेले. नातू तिकडून फोनवर. नवव्या डावात सामना बरोबरीत, टोरोंटोचे फलंदाज तळांवर, आणि बदली पिचरांच्या सरावाच्या जागेतून कोण येतं? यामामोटो. आदल्या रात्री ९६ टाकलेला. नातू ओरडला, "आजोबा, बघा, बघा!" जवळजवळ पावणेतीन डाव, ३४ चेंडू, अकराव्या डावात डॉजर्स ५-४ जिंकले. त्याचा हात त्या सकाळी गेला असता तर आज मी इथे मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्सवर तासभर बोललो असतो. गेला नाही. चौतिसाव्या चेंडूवर मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवत होतो, आणि मग नातवाने विचारलं, "कालचे धरून किती झाले हो?"

मी मोजले नव्हते.

(टाळ्या)